करड्या भागातला ठिपका

काळी रेघ : सध्याचे रस्ते

फलकांवरची अक्षरं मी बाबांसाठी मोठी केली होती, हे ऑफिसात कोणालाही ठाऊक नव्हतं. साहेबांना मी एवढंच सांगितलं की लांबून वाचता यायला हवं, म्हाताऱ्या माणसांचा विचार करायला हवा. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, नमुना हातभर लांब धरला आणि म्हणाले, "आपण लोकांना रस्ता दाखवतोय की दटावतोय?"

पण सही केली.

गावाच्या नियोजन कार्यालयात मी एकटीच डिझायनर. गावात पुढे काय होणार आहे ते लोकांना कळेल अशा चित्रांत मांडायचं, हे माझं काम. रस्ता रुंद होणार असेल तर पत्रक. हरकती मागवायच्या असतील तर जाहीर सूचना. पूल होणार असेल तर त्याचं असं चित्र, की माणसाला तो आजच ओलांडावासा वाटावा. माझं टेबल पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, टाकीची लांबलचक भिंत दिसते आणि भिंतीपाशी बसथांबा.

त्या वर्षीचं मोठं काम म्हणजे चौकाचौकांत उभे करायचे गावाचे नकाशे. आहे ते गाव आणि होणारं गाव, दोन्ही एकाच फलकावर. खाली रंगांची सूची: काळी रेघ म्हणजे काय, निळा पट्टा म्हणजे काय.

बाबांनी याच गावात जन्मभर बस चालवली. गाव त्यांच्या अंगात उतरलं होतं. जेवताना बोलण्यात एखादं वळण आलं तरी खांदा त्या बाजूला झुकायचा. मग नावं गळायला लागली. आधी माणसांची, मग गल्ल्यांची. एकदा दूध आणायला म्हणून गेले आणि पलीकडच्या गल्लीत, आमच्यासारख्याच हिरव्या दाराला आपली किल्ली लावत राहिले. त्या घरच्या बाईंनी हाताला धरून आणून सोडलं. त्यानंतर मी बाहेरून कडी घालून कामावर जायला लागले. आमच्या घराच्या मुख्य दाराला आणि माझ्या खोलीच्या दारालाही बाहेरून कडी आहे. दोन्ही बाबांनीच कधीतरी बसवलेल्या.

ते रागावले नाहीत. संध्याकाळी मी कडी काढली की फक्त विचारायचे, "सुटी झाली का माझी?"

फलक उभे राहिले की कडी काढायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. प्रत्येक चौकात त्यांना कोणीतरी सांगेल, तुम्ही इथे आहात, घर तिकडे आहे.

करडा भाग : तिसरा टप्पा (पाहणी बाकी)

आमच्या खात्याची एक जुनी पद्धत आहे. नमुना प्रत काढताना 'आपण येथे आहात' हा लाल ठिपका नकाशाच्या रिकाम्या भागात ठेवायचा. तिथे तो कुठलंही नाव झाकत नाही, तपासणाऱ्याला सगळं नीट वाचता येतं. सही झाली की मग प्रत्येक फलकाचा ठिपका त्याच्या त्याच्या जागी न्यायचा आणि फाइल छपाईला पाठवायची.

रिकामा भाग म्हणजे वर उजवीकडचा कोपरा. कालव्यापलीकडचा. तिथे अजून मोजणी झालेली नाही, म्हणून तो नुसता करडा भरलेला असतो.

आमचा छापखानेवाला 'उद्याभाऊ' या नावाने ओळखला जातो. कधीही विचारा, "उद्या देतो." त्याची मुलगीसुद्धा फोन उचलून आधी "उद्या" म्हणते आणि मग "कोण बोलतंय" विचारते. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक काम वेळेआधी केलं. सोमवारी सकाळी मी खिडकी उघडली तर खाली बसथांब्यावर फलक उभा होता.

खाली जाऊन पाहिलं. रंग सुरेख उठले होते. अक्षरं हवी तशी. लाल ठिपका करड्या भागात. उद्याभाऊ शेजारीच हात पुसत उभा होता.

"उद्याभाऊ, हे काय केलंत?"

"बघा! सगळे चौक आटपले. म्हणत होतात ना, कधीतरी वेळेवर करा म्हणून?"

"मी छपाईची फाइल पाठवलीच नव्हती अजून."

"पाठवलीत की. साहेबांची सही होती खाली."

"तो नमुना होता हो, दर काढायला पाठवलेला! ठिपका बघा ना. सगळ्या बोर्डांवर एकाच जागी आहे, कालव्यापलीकडे."

त्याने ठिपक्यावर नजर टाकली. मग म्हणाला, "माझ्या आलं होतं लक्षात. पण म्हटलं, सरकारी काम आहे. त्यांचा काही विचार असेल."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि खिडकीतून फलकाकडे पाहिलं. "लोक ओरडले की चिकटपट्टी लावू," म्हणाले.

लोक ओरडले नाहीत.

लाल चौकोन : दवाखाने

खिडकीतून मी बघत राहायची. लोक बसमधून उतरत, फलकासमोर थांबत, बोट फिरवत, मान हलवत आणि चालू लागत. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उतरली. मुलाच्या हाताला फडकं बांधलेलं. दवाखाना थांब्याच्या मागेच आहे, चार पावलांवर. तिने फलक वाचला, ठिपक्यापासून लाल चौकोनापर्यंत बोट नेलं आणि डावीकडे वळून टाकीच्या भिंतीच्या कडेने निघाली. तिकडे दवाखाना नाही. तिकडे काहीच नाही, भिंत संपली की माळ.

मी जिना उतरून धावले. भिंतीपाशी कोणी नव्हतं. माळावरही नाही.

दुपारी लसीकरणाची पत्रकं द्यायला दवाखान्यात गेले, तर ती रांगेत बसली होती. मूल मांडीवर झोपलेलं. तिचे पाय चपलांसकट घोट्यापर्यंत पांढरे झाले होते, चुना उडाल्यासारखे. आमच्या गावची माती काळी आहे.

"कशा आलात तुम्ही?" मी विचारलं.

"बोर्ड बघून."

"लांब पडलं का?"

तिने विचार केला. "लांब नाही. शांत होतं." मग मुलाकडे पाहून म्हणाली, "हा रडायचासुद्धा थांबला."

मी रांगेवरून नजर फिरवली. आणखीही पाय पांढरे होते.

तुटक रेघ : नियोजित रस्ते

त्या गडबडीत एका सकाळी कडी घालायची राहिली. दुपारी आठवलं. रिक्षा करून घरी पोचले तर बाबा स्वयंपाकघरात चहा गाळत होते. दोन कप काढलेले. साखर बरोबर पडलेली.

"या चित्रकारबाई. अर्धा दिवस लावलात वाटतं?"

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून थट्टा ऐकत होते. मी खुर्चीत बसले आणि मग मला त्यांचे बूट दिसले. नाडीच्या भोकांपर्यंत पांढरे.

"कुठे गेला होतात बाबा?"

"फिरायला. तुझा बोर्ड चांगला आहे. अक्षर ठसठशीत."

"पण त्याच्यावर ठिपका चुकलाय."

"मला नाही चुकला," ते म्हणाले. आपण बस सुरू करण्याआधी काचेवर बोट टेकवायचो, तसंच त्या ठिपक्यावर बोट टेकवलं आणि निघालो, असं त्यांनी सांगितलं.

मी कडी घालणं बंद केलं. धोका होता, कळत होतं. पण रोज संध्याकाळी ते घरी असत, न चुकता, आणि चार दिवसांनी त्यांना माझ्या शाळेच्या बाईंचं आडनाव आठवलं. शेजारीण म्हणाली, "काय गं, औषध बदललंस का? मला परवा हाक मारली त्यांनी, नावानं!"

एकदा बूट पुसून देताना मी विचारलं, "तिथे काय आहे?"

"रस्ते आहेत. रुंद. अजून नावं पडली नाहीत." ते खुर्चीत मागे रेलले. "कशालाच नाव नाही गं तिथे. मग विसरायचं काय?"

फडकं हातात तसंच राहिलं.

"माणसं आहेत?"

"आहेत की. उभी असतात."

"काय करतात?"

"काही नाही. वाट बघतात. सांगेल कोणीतरी, आपण कुठे आहोत ते." मग लहान मुलाला सुचावं तसं त्यांना सुचलं. "तिथे पण लाव ना एक बोर्ड. बिचाऱ्यांना कळू दे."

मी हसून विषय बदलला. धूळ फडक्यावर ओली होत नव्हती. झटकली तर पडत होती, पण पाण्याखाली धरली तरी कोरडीच राहत होती.

जांभळा ठिपका : शासकीय कार्यालये

वरून पाहणीला मंडळी येणार असं पत्र आलं आणि साहेबांना एकदम ठिपका आठवला. "दोन दिवसांत दुरुस्त. तिकडे करडी पट्टी, इकडे नवीन ठिपका. तुम्ही स्वतः उभ्या राहा."

मी आणि उद्याभाऊ एकेक चौक करत गेलो. मी ओल्या फडक्याने काच पुसायची, तो पट्टी बसवून अंगठ्याने बुडबुडे काढायचा. प्रत्येक फलकावर करड्या भागातला लाल ठिपका बोटांनी घासून घासून फिकट झाला होता.

"वापरलाय लोकांनी," उद्याभाऊ म्हणाला. "चुकीचा होता तरी."

मी फडकं पिळलं. बसथांब्याचा फलक आम्ही शेवटी केला.

त्या संध्याकाळी बाबा घरी नव्हते. बस आगाराच्या रखवालदाराचा फोन आला. मोडीत काढलेल्या एका बसमध्ये, चालकाच्या जागेवर, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ते बसले होते. बूट स्वच्छ होते. मी खिडकीशी जाऊन हाक मारली तर म्हणाले, "ताई, ही गाडी कुठे जाणार आहे, सांगता का? मला कोणी सांगत नाही."

घरी आणताना पूर्ण वाटेत त्यांनी मला ताई म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा कडी घातली. बाबा दाराच्या आत बसून राहत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, अगदी स्पष्ट आवाजात, त्यांनी दारापलीकडून विचारलं, "ठिपका का काढलास?"

निळा पट्टा : कालवा

कडी कोणी काढली ते मला समजलं नाही. शेजारीण म्हणते, "मी नाही." दार उघडं होतं, कडी लोंबत होती.

मला ते खिडकीतून दिसले. टळटळीत दुपार होती, थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. बाबा फलकासमोर उभे राहून किल्लीने करडी पट्टी खरवडत होते. शांतपणे, हाताचं काम करावं तसं. पट्टीचे तुकडे पायाशी पडत होते.

मी काचेवर थापा मारल्या. त्यांनी वर पाहिलं.

मला ओळखून हसले.

मग ठिपक्यावर बोट टेकवलं.

मी जिना उतरले. मधल्या वळणावर खिडकी नाही. तेवढा वेळ ते मला दिसले नाहीत. तेवढाच.

खाली ऊन होतं, तुकडे होते, फलक होता. फलकासमोर दोन पांढरे ठसे, चवडे भिंतीकडे वळलेले.

पुढे एकही ठसा नव्हता.

पोलिसांनी कालवा शोधला. माळ शोधला. पलीकडची जमीन पायी तुडवली. तिथे काही नाही म्हणाले, वाळलेलं गवत आणि काळी माती.

काळी?

काळीच, म्हणाले.

फलकावरच्या त्या जुन्या ठिपक्यावर मी रोज बोट ठेवलं. डावीकडे वळून भिंतीच्या कडेने चालत गेले. भिंत संपली की माळ लागायचा आणि माझे बूट काळे व्हायचे. मला गावातल्या सगळ्या गल्ल्यांची नावं पाठ आहेत, मीच ती नकाशावर बसवली आहेत. कदाचित म्हणून.

बाण : उत्तर दिशा

मग मला बाबांचं बोलणं आठवलं. तिथे पण लाव ना एक बोर्ड.

फाइल माझ्याकडे होतीच. अक्षरं आणखी मोठी केली. लाल ठिपका उचलला आणि आमच्या गल्लीत, आमच्या घरावर, नेमका ठेवला. 'आपण येथे आहात.'

उद्याभाऊने फलक टेम्पोत टाकला आणि आम्ही निघालो. कालव्याचा पूल ओलांडल्यावर टेम्पो थांबवला. सपाट जमीन होती, गवत, वर मोकळं आभाळ. टेम्पोचं दार लावलं तर त्याचा आवाज लगेच मेला, बंद खोलीत उशीवर बुक्की मारावी तसा. आम्ही दोघांनी खड्डा खणला. माती काळी निघाली.

फलक उभा राहिला तेव्हा उद्याभाऊने तो वाचून पाहिला.

"मॅडम, हा पण चुकलाय. ठिपका तुमच्या घरावर आहे."

"हा बरोबर आहे."

त्याने हातातली माती झटकली. "इथे वाचणार कोण?"

"बाबा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "ताई, बोर्ड कोणा एकासाठी नसतो हो. समोर येईल तो वाचतो." आणि टेम्पोत जाऊन बसला.

पिवळा भाग : निवासी वस्ती

पहिल्या सकाळी बाबांच्या खुर्चीसमोर दोन ठसे होते. पांढरे. टाचा खुर्चीला लागून, चवडे पुढे, माणूस टेकून बसला की पाय जसे पडतात तसे. दारापासून खुर्चीपर्यंत काही नव्हतं. फरशी स्वच्छ होती.

मी खाली बसले आणि त्या ठशांवर हात ठेवले. मग उठून चहा केला, दोन कप. एक खुर्चीजवळ ठेवला. ऑफिसातल्या गोष्टी सांगितल्या: साहेबांना उद्याभाऊसाठी पुरस्काराची शिफारस करायची आहे, वेळेआधी काम केल्याबद्दल. हसले मी. फार दिवसांनी घरात कोणाशी तरी बोलत होते.

ठसे मी पुसले नाहीत.

काही दिवसांनी खुर्चीशेजारी आणखी दोन ठसे दिसले. अरुंद, बाईच्या चपलांचे असावेत. मला वाटलं, बाबांनीच पाय हलवले असतील. पुढच्या सकाळी टेबलाजवळ अनवाणी पावलं होती, बोटं फाकलेली. मग स्वयंपाकघराच्या दारात. मग भिंतीलगत ओळीने. सगळी उभ्या माणसांची. आलेली दिसत नव्हती, गेलेली दिसत नव्हती. नुसती उभी.

फलक काढून आणता आला असता. टेम्पो उद्याभाऊकडे होता, फावडं माझ्याकडे. मी पुलापर्यंत गेलेसुद्धा. पण फलक काढला तर बाबांना तिथे कोण सांगणार, ते कुठे आहेत?

परत आले.

काल मी घरातले सगळे ठसे नीट पाहिले. पूर्वी चवडे कसेही वळलेले असत, खिडकीकडे, भिंतीकडे. काल सगळ्यांचे चवडे माझ्या खोलीकडे होते.

लाल ठिपका : आपण येथे आहात

आज सकाळी जाग आली ती प्रकाशाने. दाराखालच्या फटीतून आत थोडी धूळ आली होती, पांढरी, दाराच्या पूर्ण रुंदीभर.

फटीतून पाहिलं. दाराला अगदी लागून दोन बुटांच्या टाचा दिसल्या. टाचा माझ्याकडे, चवडे पलीकडे. हे बूट मी रोज पुसले आहेत. डाव्या टाचेचा कोपरा क्लचवर घासून गेलेला.

त्यांच्यापलीकडे पाय होते. फरशी दिसत नव्हती.

मी उठून दार ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं तेव्हा लोखंडावर लोखंड वाजलं.

बाहेरून कडी होती.

मी दाराला कपाळ टेकवलं. थोड्या वेळाने विचारलं, "बाबा, सुटी झाली का माझी?"

बाहेर खूप जणांनी एकाच वेळी एक पाऊल पुढे टाकलं.